टर्बाइन एंजिनात वंगण की तेल, नियंत्रण की नियमन?

प्रश्न असा आहे. विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमासाठी टर्बाइन एंजिनांवरचे पाठ मराठीत आणायचं काम चालू आहे. ‘ल्युब्रिकेशन सिस्टीम’ला सहकाऱ्यांपैकी कुणी ‘स्नेहन’ सुचवतं, कुणी ‘वंगण’. मूळ पाठात तर बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘ऑइल सिस्टीम’ म्हटलंय. पुढच्या पाठात ‘कंट्रोल’ आणि ‘गव्हर्नर’ असे दोन्ही शब्द येतात. दोघांनाही ‘नियंत्रक’ म्हणून भागेल का? आणि ‘स्कॅव्हेंज पंप’चं काय करायचं?

उत्तर आधी देऊन टाकतो. जे काम चालतं त्याला वंगण, जो द्रव वाहतो त्याला तेल. सगळ्या व्यवस्थेला नियंत्रण, फेऱ्यांचा वेग धरून ठेवणाऱ्या भागाला नियामक. स्कॅव्हेंज पंपाला उपसा पंप. ही निवड कानाला काय बरं वाटतं यावर केलेली नाही. एंजिनात काय चाललेलं असतं ते पाहिलं की हे शब्द आपोआप आपापल्या जागी बसतात.

‘स्नेहन’ हिंदीच्या पारिभाषिक लेखनात पक्कं रुजलेलं आहे. तिथे स्नेहक म्हणजे वंगण आणि स्नेहन म्हणजे वंगण देण्याची क्रिया. शब्द सुंदर आहे यात शंका नाही. संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे माया आणि ‘स्नेह’ म्हणजे तेल-तूपही. पण मराठी वाचकाला ‘स्नेहन’ म्हटलं की पंचकर्म आठवतं, म्हणजे स्नेहन आणि मग स्वेदन. शिवाय आपल्याकडे वर्कशॉपपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळ्यांना कळणारा ‘वंगण’ हा शब्द असताना दुसरा उसना आणायची गरजच नाही. वंगण हा गाडीच्या आसाशी जन्मलेला शब्द आहे. हिंदीतही आसाला तेल देण्याला ‘औंगना’ म्हणतात, ते याच्याच नात्यातलं दिसतं.

अडचण वेगळीच आहे. ‘वंगण’ म्हटलं की डोळ्यांपुढे काळपट, घट्ट, बोटाला चिकटणारा पदार्थ उभा राहतो. टर्बाइन एंजिनातलं तेल याच्या अगदी उलट असतं. आज सर्वाधिक वापरात असलेल्या वर्गातलं तेल १०० अंश सेल्सिअसला साधारण ५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) इतकंच दाट असतं. मोटारगाडीचं ३० नंबरचं तेल त्याच तापमानाला ९ ते १२ सेंटिस्टोक भरतं. म्हणजे मोटारीच्या तेलाच्या निम्म्याच्या आसपास. लष्करी विमानांसाठीचा एक जुना वर्ग तर ३ सेंटिस्टोकचा आहे, कारण कडाक्याच्या थंडीत एंजिन चालू करताना तेल गोठून चालत नाही.

एवढं पातळ तेल पुरतं कसं? कारण पिस्टन एंजिनातल्यासारखे मोठे सपाट बेअरिंग इथे मुख्य शाफ्टला नसतात. शाफ्ट बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. बॉल बेअरिंग शाफ्टचा पुढे-मागे होणारा रेटा झेलतं. रोलर बेअरिंग फक्त आडवा भार घेतं आणि तापून लांब झालेल्या शाफ्टला सरकायला वाव देतं. (मराठी विश्वकोशात बेअरिंगला ‘धारवा’ म्हटलंय. नेटका शब्द आहे, पण हँगरमध्ये तो कुणाच्या तोंडी नाही. पाठात बेअरिंगच ठेवा.) गोळ्यांना आणि रोलरांना घर्षणापुरतं तेल अगदी थोडं लागतं. बाकीचं सगळं तेल उष्णता वाहून नेण्यासाठी फिरवलेलं असतं. टर्बाइनजवळच्या बेअरिंगला ज्वलनाची धग लागतेच, पण खरी कसोटी एंजिन बंद केल्यावर असते. तेलाचा प्रवाह थांबतो, आजूबाजूचं तापलेलं धातू निवायचं असतं आणि ती उष्णता बेअरिंगकडे सरकते. तिथे उरलेलं तेल करपलं की कोळशासारखा थर बसतो आणि तेलाच्या बारीक नळ्या चोंदतात. म्हणून उतरल्यावर एंजिन बंद करण्याआधी थोडा वेळ आयडलवर, म्हणजे अगदी कमी वेगावर, चालू ठेवतात.

इथेच ‘वंगण’ आणि ‘तेल’ यांची वाटणी स्पष्ट होते. बेअरिंगच्या दोन पृष्ठभागांमध्ये जे घडतं ते वंगण. टाकीतून निघून नळ्या, गाळणी, तोट्या, बेअरिंग, उपसा, कूलर असा फेरा करून टाकीत परतणारा द्रव म्हणजे तेल. आणि वंगण हे त्याच्या कामांपैकी एक. गारवा देणं, झिजलेल्या धातूचे कण वाहून नेणं, गंज रोखणं हीही त्याचीच कामं. ‘वंगण गाळणीतून जातं’ असं लिहिलं तर वाक्य चुकत नाही, पण विद्यार्थ्याच्या डोक्यात चुकीचा पदार्थ फिरू लागतो.

‘तेल’ या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेल हे ‘तैल’वरून, आणि तैल म्हणजे तिळाचं. त्यामुळे ‘कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम द्रवाला तेल कसं म्हणायचं’ अशी शंका काही जण काढतात. रसायनशास्त्र मात्र उलट साक्ष देतं. तिळाचं तेल हे एस्टर आहे: ग्लिसरॉल आणि मेदाम्लं यांचं संयुग. टर्बाइनचं आजचं तेलही एस्टरच आहे. फरक इतकाच की ग्लिसरॉलच्या जागी पेंटाएरिथ्रिटॉलसारखं अल्कोहोल घेतलेलं असतं, कारण ग्लिसरॉलच्या रेणूतला एक हायड्रोजन अशा जागी बसलेला असतो की जास्त तापमानाला रेणू तिथून तुटतो. ती कमकुवत जागा काढून टाकली की तेल कितीतरी जास्त तापमान सोसतं. जमिनीतून निघणारं खनिज तेल एस्टर नसतंच, ते निव्वळ हायड्रोकार्बन. सुरुवातीच्या झोत (जेट) एंजिनांत पातळ खनिज तेलच घालत. एंजिनं तापत गेली तसं ते मागे पडलं. त्याही आधी, पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या सिलिंडरांच्या विमान-एंजिनांत एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. म्हणजे त्या काळातली बरीच विमानं एस्टरवर चालली, मध्ये विमानं खनिज तेलाकडे वळली आणि झोतयुगात पुन्हा एस्टरकडे आली. टर्बाइनच्या द्रवाला ‘तेल’ म्हणणं खनिज तेलाला तेल म्हणण्यापेक्षा रासायनिक दृष्ट्या जास्त बरोबर आहे. बिनधास्त तेल लिहा.

‘सिस्टीम’ला ‘प्रणाली’ की ‘यंत्रणा’, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते ओघाने येणारच. ‘प्रणाली’चा मूळ अर्थ पाण्याची वाट, पन्हळ. नळ्यांतून फिरणाऱ्या तेलाला याहून चपखल शब्द मिळायचा नाही: तेल प्रणाली. ‘यंत्रणा’ मराठीत छान रुळला आहे. हिंदी आणि बंगालीत मात्र ‘यंत्रणा’ म्हणजे यातना. पाठ फक्त मराठीत वाचले जाणार असतील तर ‘नियंत्रण यंत्रणा’ म्हणायला हरकत नाही. पण तेच शब्द पुढे हिंदी आवृत्तीत उचलले जाणार असतील तर दोन्हीकडे ‘प्रणाली’च बरी.

आता स्कॅव्हेंज. हिंदीत ‘अपमार्जन’ म्हणतात. त्याचा अर्थ पुसून काढणं, आणि नवशिक्याला त्यातून काहीच कळत नाही. हा पंप करतो काय? बेअरिंगच्या कप्प्यात तोटीतून फवारलेलं तेल तळाशी जमतं. ते तिथे साचून राहिलं तर फिरत्या भागांत घुसळलं जातं, आणखी तापतं, सीलमधून गळतं. ते ओढून टाकीत परत नेण्याचं काम या पंपाचं. विहिरीतलं पाणी उपसतात ना, तसा हा तेलाचा उपसा. शब्द मराठीत तयारच आहे. शिवाय ‘उपसा पंप’ म्हटलं की पुढची गोष्ट सहज समजावता येते. उपसा पंपांची एकूण क्षमता तेल आत पाठवणाऱ्या दाब पंपापेक्षा जास्त ठेवावी लागते, कारण कप्प्यातून येणारं तेल नुसतं तेल नसतं. सीलच्या बाजूने आत शिरलेली हवा त्यात मिसळून फेस झालेला असतो आणि त्याने तेलाचं आकारमान वाढलेलं असतं. जेवढं आत पाठवलं तेवढंच आकारमान उपसलं तर कप्पा तुंबणार. म्हणून परतलेलं तेल टाकीत शिरताना त्यातली हवा आधी वेगळी करतात. उपशाच्या वाटेवर चुंबकी चिप डिटेक्टर बसवलेला असतो. बेअरिंग झिजायला लागलं की लोखंडाचे कण त्याला चिकटतात. मेकॅनिक तो काढून पाहतो आणि कणांच्या आकारावरून, चमकीवरून कुठे काय बिघडतंय याचा अंदाज बांधतो. ‘चुंबकी कणशोधक’ असा शब्द करता येईल, पण ‘चिप डिटेक्टर’ सगळ्यांच्या तोंडी आहे. तोच ठेवा.

नियंत्रण आणि नियमन यांत घोळ होणं साहजिक आहे, कारण दोन्ही शब्द एकाच घरातले. ‘यम्’ म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. त्यातूनच यंत्र, संयम, नियम, नियंत्रण. संस्कृतात ‘यन्ता’ म्हणजे सारथी. गंमत अशी की इंग्रजी ‘गव्हर्नर’ही मुळात ग्रीक सुकाणूवाल्यावरून आलेला; त्याच ग्रीक शब्दावरून नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हे शास्त्राचं नाव घडवलं. इतकं जवळचं नातं असलं तरी एंजिनात दोघांची कामं वेगळी आहेत आणि पाठात ती वेगळी दिसायला हवीत.

गव्हर्नर एकच काम करतो: ठरवून दिलेला फेऱ्यांचा वेग राखतो. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला बसवलेल्या फिरत्या वजनांचं तत्त्व, यांत्रिक-द्रवचलित इंधन नियंत्रकाच्या आत तसंच्या तसं सापडतं. शाफ्टचा वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, इंधनाची झडप आवळली जाते. वेग घटला की वजनं आत येतात, झडप उघडते. वजनांना विरोध करणारी एक स्प्रिंग असते आणि वैमानिकाचा थ्रॉटल त्या स्प्रिंगचा ताण बदलतो. म्हणजे वैमानिक थेट इंधन सोडत नाही, हवा असलेला वेग सांगतो. याला ‘नियामक’ म्हणा. ‘गव्हर्नर’ तसाच ठेवलात तरी चालेल, संदर्भ एंजिनाचा असल्यावर राज्यपालांशी गल्लत कुणी करणार नाही.

कंट्रोल याहून बरंच मोठं आहे. थ्रॉटल झटक्यात पुढे सरकवला आणि नियामकाने भाबडेपणाने लगेच भरपूर इंधन ओतलं, तर आत येणारी हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला ते झेपत नाही. आतला दाब वाढतो, हवेचा प्रवाह अडखळतो आणि क्षणात उलटाही फिरतो. याला सर्ज म्हणतात. दणका बसतो, ज्वाला बाहेर डोकावतात. उलट थ्रॉटल एकदम मागे घेतला आणि इंधन फार तुटलं तर आतली ज्वालाच विझते. त्यामुळे वेग वाढताना किती इंधन, घटताना किती, तापमानाची मर्यादा कुठे, कॉम्प्रेसरची कोन बदलता येणारी स्थिर पाती कधी वळवायची, हवा सोडणाऱ्या झडपा कधी उघडायच्या, हे सगळं ठरवावं लागतं. हे सगळं मिळून ‘नियंत्रण’. नियामक हा त्याचा एक भाग. दोघांना ‘नियंत्रक’ म्हटलंत तर ‘नियंत्रकाला नियंत्रक मर्यादा घालतो’ अशी वाक्यं लिहायची वेळ येईल.

‘फॅडेक’ हे अक्षरनाम तसंच ठेवावं, पण पहिल्या उल्लेखात ‘पूर्णाधिकार अंकीय एंजिन नियंत्रण’ असं उलगडून द्यावं. त्यातला ‘पूर्णाधिकार’ शब्द गाळू नका. कॉनकॉर्डच्या एंजिनांनाही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण होतं, पण ते अॅनालॉग. पूर्णाधिकार अंकीय नियंत्रण नागरी विमानात प्रथम आलं ते १९८४ मध्ये बोइंग ७५७ च्या प्रॅट अँड व्हिटनी एंजिनाबरोबर. पूर्णाधिकार याचा अर्थ हुकूम चालतो तो संगणकाचाच. थ्रॉटलपासून इंधनाच्या झडपेपर्यंत ओढायची तार किंवा दांडा पोचतच नाही. म्हणूनच संगणकाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, आणि एंजिन फिरू लागलं की त्यांना वीज पुरवणारा जनित्रही एंजिनावरच बसवलेला असतो.

तेल आणि नियंत्रण हे पाठ वेगळे असले तरी यंत्रात ते एकमेकांना भेटतात, आणि तिथे शब्द सांभाळून वापरावे लागतात. तापलेलं तेल इंधनाला उष्णता देतं, इंधन तेलाला निववतं. त्या भागाला ‘तेल-इंधन उष्णता विनिमयक’ म्हणू. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळलं. इंधनाच्या नळ्यांत साठलेला बर्फ एकदम सुटून या विनिमयकाच्या तोंडाशी अडकला होता. दोन्ही एंजिनांना इंधन कमी पडलं. नियंत्रणाने झडपा पूर्ण उघडल्या होत्या, पण झडपेपर्यंत इंधनच पोचत नव्हतं. विमानातले सगळे वाचले. नंतर विनिमयकाची रचना बदलून नळ्यांची टोकं पुढे डोकावणार नाहीत अशी केली. या घटनेवर पाठ लिहिताना ‘नियंत्रण बिघडलं’ असं अनुवादात कधीही येऊ देऊ नका. नियंत्रणाने मागणी बरोबर केली होती, पुरवठा तुंबला होता.

नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो, असा लिहिता येईल: ‘दाब पंप तेल गाळणीतून तोट्यांपर्यंत पोचवतो. तोट्या ते बेअरिंगवर फवारतात. त्याने वंगण होतं आणि बेअरिंग निवतं. उपसा पंप फेसाळलेलं तेल टाकीकडे परत ओढतात. नियामक शाफ्टचा वेग राखतो; किती इंधन, किती वेगाने वाढवायचं याच्या मर्यादा नियंत्रण घालतं.’