ज्युदोत दे-आशी-बाराई (पुढे येणारा पाय तळव्याने झाडून पाडायचा डाव) मारताना समोरच्याचा पाय हलतच नाही, काय चुकतंय?

तुम्ही पाय उशिरा मारताय. समोरच्याचा पाय टेकतोय, पण वजन अजून पुरतं पडलेलं नाही, तेव्हाच तो झाडायचा असतो. लोकलमधून उतरताना पाऊल टेकता टेकता धक्का बसला की माणूस पडतो ना, तसंच. वजन एकदा बसलं की पायाचा खांब होतो, मग नुसती नडगीवर नडगी आपटते. दादरला नवीन पोरांना शिकवताना रोज हेच बघतो. तळवा आत वळवा, करंगळीकडची कड मॅटला घासत न्या, त्याच्या घोट्याखाली लावा आणि त्याच वेळी बाही खाली ओढा. लाथ नको, केर काढल्यासारखं. मात्र त्याचं वजन टाचेवर गेलं असेल तर हा नाद सोडा आणि ओ-सोतो-गारी (बाहेरच्या बाजूने पाय मागून उडवून पाठीवर पाडायचा डाव) घ्या. तिथे वजन असलेलाच पाय उडवतात.