“मला डाय चालत नाही”

खुर्चीत नीट बसण्याआधीच त्यांनी हे वाक्य टाकलं. वय चौपन्न. यकृतावर डाग दिसलेला, डॉक्टरांना डाय (स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते आयोडीन असलेलं औषध) देऊन सीटी स्कॅन हवा होता आणि बाईंनी दोनदा तारीख पुढे ढकलली होती. जुन्या फाइलवर कुणीतरी लाल पेनाने लिहिलेलं : ‘आयोडीन अ‍ॅलर्जी’.

“मागच्या वेळी काय झालं होतं, ताई?”

“अंग भाजल्यासारखं झालं. तोंडात लोखंडाची चव आली. आणि...” आवाज खाली गेला. “लघवी झाली असं वाटलं.”

मी घाईने म्हणाले, “हे बहुतेकांना होतं, ही अ‍ॅलर्जी नव्हे.” ते खरंच होतं. डाय शिरेतून वेगाने जातो तेव्हा ही ऊब येते आणि मिनिटाभरात ओसरते. पण बाईंचा चेहरा मिटला. माझं चुकलंच, मी पुढचं ऐकलंच नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांच्या मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या होत्या, इंजेक्शन द्यावं लागलं होतं. ही मात्र अ‍ॅलर्जीसारखीच प्रतिक्रिया, सौम्य जातीची.

“मला कोळंबीही सोसत नाही. तेच आयोडीन ना?”

नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन शरीराला लागतंच, थायरॉइड त्यावरच चालते. म्हणून फाइलवरच्या त्या लाल अक्षरांचा मला राग येतो : घाबरवतात, उपयोगाचं काहीच सांगत नाहीत. खरी गरज असते ती डायच्या नावाची. पूर्वी त्रास झाला असेल तर त्याच जातीच्या डायने पुन्हा होण्याची शक्यता साधारण पाचपट धरतात. दमा असेल तर तोही आधी सांगावा. गंभीर प्रतिक्रिया आजच्या डायमध्ये दहा हजारांत सुमारे 4 जणांना येते. बहुतेक प्रतिक्रिया पहिल्या 20 मिनिटांतच दिसतात, म्हणून स्कॅननंतर लगेच घरी सोडत नाहीत.

जुन्या केंद्राला फोन करून डायचं नाव मिळवलं. रेडिओलॉजिस्टनी दुसरा डाय निवडला आणि आधी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या : 13, 7 आणि 1 तास आधी. स्कॅन सकाळी 10 ला, म्हणजे रात्री 9, पहाटे 3 आणि सकाळी 9. पहाटेच्या गजराचीच त्यांना सगळ्यात जास्त धास्ती. गोळ्यांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही, हेही सांगितलं. शेजारच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे गंभीर प्रतिक्रियेवरचं इंजेक्शन, तयार असतं, ते दाखवलं. खोटा दिलासा त्यांनी लगेच ओळखला असता.

स्कॅनच्या वेळी मी काचेपलीकडे उभी होते. डाय सुटला आणि माइकवरून आवाज आला, “आली बाई ती ऊब.” मग जरा थांबून, “झाली नाही ना, तेवढं बघून सांगा.”

गांधी उठल्या नाहीत. अर्ध्या तासाने त्यांनी नव्या डायचं नाव स्वतःच्या अक्षरात कार्डावर लिहून घेतलं, स्पेलिंग मला दोनदा विचारून.