एटीव्हीची चेन बदलताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या एटीव्हीची (कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकीची) चेन ताणायला आता जागाच उरलेली नाही. नवी घ्यायला गेलो तर ४२०, ४२८, ५२० असे आकडे ऐकायला मिळाले. कोणती घ्यायची? मोटारसायकलची चालेल का?

उत्तर : जुन्या चेनची बाहेरची पट्टी रॉकेलने पुसा, बहुधा तिथेच आकडा कोरलेला दिसेल. पहिला अंक पिचचा, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा. ४ असेल तर १२.७ मिमी, ५ असेल तर १५.८७५ मिमी. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे. ४२० आणि ५२० मध्ये ती ६.३५ मिमी असते, ४२८ मध्ये सुमारे ७.९ मिमी. छोट्या एटीव्हींना बहुधा ४२० किंवा ४२८ लागते. यामाहा रॅप्टर ७००, होंडा टीआरएक्स ४५०आर, सुझुकी एलटी-झेड४०० या स्पोर्ट गाड्यांना ५२० बसते.

४२० आणि ४२८ चा पिच सारखाच, म्हणून एकीच्या जागी दुसरी चालवायचा मोह होतो. तो टाळा. ४२८ चे रोलर जाड असतात, ते ४२० च्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, दात्यांमधल्या खाचेत नीट बसत नाहीत आणि चेन आडवी हलत राहते. उलट बाजूने पाहिलं तर ४२८ च्या स्प्रॉकेटचा रुंद दाता ४२० चेनच्या फटीत शिरतच नाही. आकडा आणि कड्यांची संख्या जुळत असेल तर मोटारसायकलची चेन खुशाल घ्या.

प्रश्न : जुनी चेन शेजारी ठेवून तेवढ्याच लांबीची नवी कापली. बसवली तर सैल! चूक कुठे झाली?

उत्तर : लांबी जुळवली, तिथेच. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी लांबी वाढते. ९६ कड्यांची ५२० चेन नवी असताना १५२४ मिमी भरते. दोन टक्के झिजली की ३० मिमी जास्त, म्हणजे जवळजवळ दोन कड्या. म्हणून कड्या मोजा, आतली एक आणि बाहेरची एक अशा वेगवेगळ्या धरून. एकूण आकडा सम यायला हवा. स्प्रॉकेटचे दाते बदलले असतील किंवा स्विंगआर्म (मागचा एक्सल धरणारा दांडा) लांब बसवला असेल, तर जुन्या संख्येवरही विसंबू नका. नवी चेन स्प्रॉकेटांवरून गुंडाळून पाहा आणि एक्सल पुढच्या टोकाजवळ असताना जोड कुठे येतो ते ठरवा.

झीज तपासायची तर चेन ताणून धरा आणि २१ पिनांमधलं, म्हणजे २० पिचचं अंतर मोजा. नव्या ५२० मध्ये ते ३१७.५ मिमी असतं. ३२४ च्या आसपास गेलं की चेन संपली. मॅन्युअलमध्ये याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

प्रश्न : ओ-रिंगवाली चेन महाग पडते. चिखलात साधी चालणार नाही का?

उत्तर : चालेल, पण थोडेच दिवस. चिखलाचं पाणी पिन-बुशमधलं वंगण धुऊन नेतं, वाळू आत शिरते आणि पॉलिशच्या कागदासारखी घासते. ओ-रिंग किंवा एक्स-रिंग, म्हणजे पिनेवरची रबरी रिंग, आतलं ग्रीस धरून ठेवते. चिखल-पाण्यात फिरणाऱ्यांनी हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. घेण्याआधी मात्र एक पाहा: ही चेन थोडी रुंद असते, पुढच्या स्प्रॉकेटजवळ केसिंगला आणि गाइडला घासत तर नाही ना? धुताना पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरू नका, रिंगा खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे.

स्प्रॉकेटचे दाते कोयत्यासारखे वाकले असतील तर पुढचं-मागचं दोन्ही बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन फार लवकर खलास होते.

प्रश्न : जोडकडीची क्लिप कुठल्या बाजूने लावायची?

उत्तर : बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे. उलटी लागली तर दगड लागून निसटते. जोडकडी त्याच चेनची हवी. ओ-रिंगवाल्या चेनला तिच्यासोबत चार रिंगा येतात, पट्टी दाबण्याआधी चारही जागेवर आहेत का ते पाहा.

प्रश्न : ताण किती ठेवायचा?

उत्तर : मॅन्युअलमधला आकडा, म्हणजे चेन मधोमध वर-खाली किती हलावी ते. तो बहुतेक स्पोर्ट गाड्यांत ३० ते ४० मिमीच्या आसपास असतो. पण आणखी एक स्थिती तपासा: पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा पिव्होट (तो जिथे फिरतो तो बिंदू) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ असते. गाडीवर कुणाला तरी बसवून त्या स्थितीत आणा. तिथेही चेन थोडी हलायलाच हवी. नाहीतर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं आणि एक्सलचं बेअरिंग जातं. बऱ्याच गाड्यांत एक्सलचं हाउसिंग फिरवून ताण देतात. त्याचे पिंच बोल्ट (हाउसिंग आवळून धरणारे) आधी सैल करा आणि शेवटी टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळा.