छोट्या क्लिनिकमध्ये स्टाफने डॉक्टरांचे आभार कसे मानावेत?

तुम्ही विचारलंय की क्लिनिकात स्टाफ म्हणून तुम्ही तिघंच, मॅडम वर्षभर सांभाळून घेतात, तर १ जुलैला डॉक्टर्स डेला त्यांना काय द्यावं आणि प्रत्येकी किती काढावेत. मी गोव्यात डिचोलीला एका जनरल प्रॅक्टिशनरकडे रिसेप्शनला आहे, आमच्याकडे जून संपत आला की हाच विषय निघतो.

वर्गणी काढूच नका. जी आपल्याला पगार देते तिलाच त्या पगारातून महागडी वस्तू द्यायची हे मला तरी पटत नाही, आणि झाडलोट करायला येणाऱ्या मावशीला चारचौघांत नाही म्हणता येत नाही, ती गुपचूप पैसे देते आणि महिनाअखेरीला उसने मागते. शिवाय पेनं न् घड्याळं मॅडमच्या खणात एमआर म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या कृपेने भरपूर पडलेली असणार (२०२४ च्या सरकारी मार्केटिंग कोडनंतर औषध कंपन्यांना डॉक्टरांना गिफ्ट देता येत नाही, पण जुना साठा आहेच की).

केक आणायचा तर वेळ बघून. डॉ. बिधानचंद्र रॉय १ जुलै १८८२ ला जन्मले आणि १ जुलै १९६२ लाच गेले, म्हणून हा दिवस, ते ठीक आहे, पण गोव्यात तेव्हा पाऊस धो धो आणि ओपीडी तापाने भरलेली, कोणाच्या प्लेटलेट बघायच्यात, कोणी शेतात चिखलात उतरून आलेला म्हणून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) शंका, त्यात अकरा वाजता केक कापायला बोलावलंत तर मॅडम हसतील पण लक्ष सगळं बाहेरच्या बाकड्याकडे. दुपारी एकला पेशंट संपले की मग काय ते करा. बाजारात अळमी (पावसाळ्यातली रानटी अळंबी) आली असली तर तिचं तोंडाक, म्हणजे नारळाच्या वाटणातली रस्साभाजी, घरून करून न्या, केकपेक्षा लाखपट बरं.

आणि एक चिठ्ठी लिहा, प्रत्येकाने आपापली. 'तुम्ही ग्रेट आहात' असलं नको, नेमकं काय केलं ते लिहा. मी लिहिलं होतं की नंबरावरून एक माणूस माझ्यावर ओरडत होता तेव्हा तुम्ही हातातला पेशंट थांबवून बाहेर आलात आणि म्हणालात, ताप जास्त असलेल्या पोराला आधी घ्यायला मीच सांगितलंय, तिला बोलू नका. मॅडमनी ते तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता!

अजून एक करता येईल, त्या संध्याकाळी त्यांना वेळेवर घरी पाठवा. बीपी-शुगरचे नेहमीचे फॉलोअप, ज्यांच्या गोळ्या शिल्लक आहेत त्यांना दुसऱ्या दिवसाचा नंबर द्या, गोळ्या संपल्या असतील तर मात्र टाळू नका. एमआरना आदल्या दिवशीच फोन करून सांगा, नाहीतर 'हॅपी डॉक्टर्स डे' म्हणायला म्हणून तेच सगळे रांगेत उभे असतात.