लिनक्समध्ये प्रत्येक कोअर डंप (प्रोग्रॅम कोसळताना त्याच्या मेमरीची बनणारी फाइल) 'कोअर' याच नावाने पडून आधीचा पुसला जातो. नावात प्रोग्रॅम, प्रोसेस क्रमांक आणि वेळ कशी आणावी?

नाव 'कर्नल.कोअर_पॅटर्न' या सेटिंगवरून ठरतं. रूटने (मुख्य प्रशासक युजरने) 'सिससीटीएल' या कर्नल-सेटिंग बदलायच्या कमांडमधून त्याला '/व्हार/क्रॅश/कोअर.%ई.%पी.%टी' असं मूल्य द्या (अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली): अनुक्रमे प्रोग्रॅम, प्रोसेस क्रमांक, १९७० पासूनचे सेकंद. रीबूटनंतरही टिकायला हवं तर तीच ओळ '/ईटीसी/सिससीटीएल.डी' मधल्या फाइलीत लिहा.

डिरेक्टरी आधी बनवा. कर्नल ती बनवत नाही. प्रोसेसच्या युजरला तिथे लिहायची परवानगीही हवी, नाहीतर डंप मुकाट्याने हरवतो. 'यूलिमिट -सी' (डंपच्या आकाराची मर्यादा) शून्य असेल तेव्हाही फाइल येत नाही.

पॅटर्न '|' ने सुरू होत असेल तर डंप फाइलीत न जाता त्या प्रोग्रॅमकडे जातो, म्हणून आधी सध्याचं मूल्य वाचाच. तो प्रोग्रॅम सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा) असेल तर डंप 'कोअरडंपसीटीएल' या कमांडने शोधा.

कंटेनरमध्ये (एकाच कर्नलवर वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेसच्या गटात) लोक हमखास इथेच फसतात: पॅटर्नमधला लहान 'पी' कंटेनरच्या आतला प्रोसेस क्रमांक देतो, मोठा 'पी' होस्टवरचा, म्हणजे मूळ मशीनवरचा. आणि हे सेटिंग सगळ्या कंटेनरांना एकच असतं.