पावसाळ्यातलं नाटक देवाचं नसतं

प्रिय बाय,

आपल्या गावच्या नाट्यमंडळासाठी तू केलेला सात पानी आराखडा दोनदा वाचला. 25 लाखांचा निधी, देवळामागच्या मोकळ्या जागेत छोटं नाट्यगृह आणि बाराही महिने प्रयोग. काकीला मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आषाढात कोण येतला?" तिने तीन शब्दांत विचारलं तेच मी आता पानंभर विचारणार आहे. खजिनदाराची सवय, एवढ्यात सुटायची नाही.

आधी तुझं जे पटलं ते सांगतो. नुसत्या जत्रेच्या नाटकावर मंडळ यापुढे तगणार नाही, हे खरं आहे. आमच्या वेळी पालखी आत गेली की रात्री अकराला नांदी व्हायची आणि भरतवाक्याला कोंबडा आरवायचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद केला. सरकार फार तर वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्या 15 दिवसांवर साऱ्या गोव्याचा डोळा. बंद सभागृहाला ही अडचण नाही. म्हणून मांडवातून आत जायचं तुझं म्हणणं बरोबर आहे. मी अडलो तो पैशाच्या पानावर.

तू लिहितेस, "गाव दरवर्षी नाटकाला पैसे देतो, तोच आणखी थोडे देईल." बाय, गाव नाटकाला पैसे देत नाही. पंचवीस-एक वर्षं मी पावत्या फाडल्या, मला विचार. माणूस पाकिटात हात घालायच्या आधी देवळाच्या दिशेने बघतो. तो वर्गणी देवाला देतो. नाटक त्याला फुकट मिळतं, आणि फुकट म्हणूनच तो पहिला अंक संपायच्या आत फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाजं घ्यायला उठून जातो. त्यात त्याची चूक नाही, व्यवहारच तसा आहे. पण जुलैमध्ये तू त्याच्या दारात उभी राहशील तेव्हा तुझ्यामागे पालखी नसेल. मागणारी तू असशील, आणि मागशील ते नाटकासाठी. ही दुसरी थैली आहे आणि ती आपण आजवर कधी उघडूनच पाहिलेली नाही.

आता तू म्हणशील, पावसात माणसं बाहेर पडतात की! माशेलचा चिखलकाला आषाढातच होतो, माणसं हौसेने चिखलात लोळतात. होय. पण तोही देवाचाच.

तिकीट काढून बघणारा प्रेक्षक कसा घडतो हे शिकायचं तर शेजारी बघ. तियात्र म्हणजे आपल्याकडचं कोकणी नाटक. पहिलं तियात्र 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झालं, आणि पुढे ते वाढलं तिकिटाच्या जोरावर. कंत्राटदार खेळ विकत घेतो, जाहिरात करतो, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मार त्याच्याच खिशाला. म्हणून कोणत्या गावात कुठल्या दिवशी माणूस येतो ते त्याला तोंडपाठ असतं. आपली मंडळी तियात्राचं नाव काढलं की नाक मुरडतात. मीही मुरडायचो. एकदा मडगावला जाऊन नुसत्या तिकीट खिडकीजवळ तासभर उभी राहा. नाटक नाही बघितलंस तरी चालेल.

नाट्यगृहाचं स्वप्न तूर्त बाजूला ठेव. ती जागा देवस्थानची, आपली नव्हे. महाजन मंडळी, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरेचे सभासद, आज तुझ्या बाजूने असतील, पण गोव्यातली देवस्थानं 1933 च्या रेग्युलेशनवर चालतात आणि समितीच्या कारभारावर मामलेदाराची नजर असते. तिथे एक वीट ठेवायला किती कागद लागतील हे मी सांगत नाही, कारण मग तू नाटकच सोडून देशील. समज, बांधलं. पुढे? वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी रचलेली पणजीची कला अकादमी 1983 ची. ती 2021 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली आणि उघडायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. मागे सरकार उभं असलेल्या वास्तूची ही गत, तर आपल्या छपराची गळती कोण काढणार?

साखळीचं रवींद्र भवन, ते सरकारी नाट्यगृह, भाड्याने घे. पहिल्या वर्षी प्रयोग चारच, जूनच्या शेवटापासून चतुर्थीच्या तीन आठवडे आधीपर्यंत. जूनचा पहिला पंधरवडा सोड, पाऊस नवा असतो आणि वीज जाते. चतुर्थीच्या आसपास तर नटसुद्धा मिळणार नाही, गणपतीवरची माटोळी बांधायला गेलेला असेल. वार रविवार, वेळ दुपारी चार. रात्रीचा हट्ट धरू नकोस. कदंबची शेवटची बस चुकली की आपला निम्मा प्रेक्षक घरी कसा जाणार? तिकिटावर बसचीही वेळ छाप. हसू नकोस, त्यावर खुर्च्या भरतात.

पावसाचा एक फायदा तुझ्या आराखड्यात नाही, आणि तोच सगळ्यात मोठा आहे. कार्तिक ते वैशाख प्रत्येक गावाला एकाच वेळी तेच लाइटवाले, तेच ऑर्गनवादक आणि बाहेरून आणायची तीच स्त्रीपात्रं हवी असतात. मग मानधन मागतील तेवढं द्यायचं आणि वर गाडी पाठवायची. आषाढात हीच माणसं घरी बसलेली असतात. त्यांच्याकडे आत्ताच जा, मेमध्येच. पण भाव पाडायला जाऊ नकोस, चार प्रयोगांचा एकत्र शब्द द्यायला जा. चार तारखा पक्क्या मिळाल्या तर माणूस आपण होऊन कमी घेतो आणि वर तालमीलाही वेळेवर येतो.

रंगवलेले पडदे मात्र नेऊ नकोस. देवळाच्या अग्रशाळेच्या वरच्या खोलीत श्रावणात त्यांना बुरशी धरते ते तुला माहीत आहे. दमट हवेत पेटीही बिघडते. चार-पाच पात्रांचं, एकाच नेपथ्यात बसणारं नाटक निवड. पौराणिक जत्रेसाठी ठेव.

आता हिशेब. आकडे समज म्हणून घे, खरे तू भर. एका प्रयोगाला 45 हजार खर्च. तिकीट 150 रुपये (500 पर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा कुणी घाबरवलं तर घाबरू नकोस). 130 तिकिटं खपली तर 19,500 आले. तूट 25,500, चार प्रयोगांची 1 लाख 2 हजार. म्हणजे 51 माणसं, वर्षाला प्रत्येकी 2 हजार. 25 लाखांसाठी तुला कुणातरी बड्याच्या दिवाणखान्यात बसावं लागेल. 51 माणसांसाठी 51 सोप्यांवर चहा प्यावा लागेल. चहा पी.

या 51 जणांना वर्गणीची जुनी पावती देऊ नकोस. नवं पावतीपुस्तक छाप, त्यावर देवाचा फोटो नको, चार प्रयोगांच्या तारखा छाप. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरवून हे होणार नाही. कोड पैसे घ्यायला ठीक आहे, मागायला तोंडच लागतं. आणि पहिल्याच भेटीत करसवलतीचं बोलू नकोस. आपली करसवलतीची नोंदणी झाली तरी 2 हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्याला तर तिचा उपयोगच नाही. कर वाचतो म्हणून देणारा पुढच्या वर्षी दुसरीकडे देईल. "तिसऱ्या प्रयोगाला तुमची खुर्ची कुठे ठेवू?" असं विचार. खुर्ची निवडणारा माणूस टिकतो.

51 च का, एकच का नाही, हे मला महागात शिकायला मिळालं. आपल्या भागात मंडळाचा खर्च खाणीच्या पैशावर चालायचा. ट्रकवाल्यांची वर्गणी जाडजूड असे आणि एका खाण कंपनीची स्मरणिकेतली मागच्या पानाची जाहिरात एकट्याने निम्मा खर्च काढी. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. नेपथ्य मी आधीच उधारीवर सांगून ठेवलं होतं. कंपनीच्या कचेरीत तीनदा गेलो, तिसऱ्या खेपेला शिपायाने बाहेरच्या बाहेर सांगितलं की साहेब गोव्यात नाहीत. ट्रकवाल्यांकडे तर मी गेलोच नाही, दारात उभे ट्रक बघून पाय उचलेना. ती उधारी फेडायला दोन जत्रा गेल्या. काकीची एक बांगडीही त्यात गेली, पण तिच्यासमोर हे काढू नकोस.

अनुदानासाठी कला व संस्कृती संचालनालयाकडे अर्ज जरूर कर, पण ते पैसे आल्यावरच आले म्हण. आधी खर्च, मग बिलं, मग प्रमाणपत्र, मग वाट बघणं. मोठ्या कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे समाजकार्याच्या निधीचं, नंतर बघू. कला-संस्कृती त्या यादीत बसते, पण ते आधी सीएसआर-1 या सरकारी अर्जाची नोंदणी मागतात, आणि आपल्या मंडळाचे लेखापरीक्षित हिशेब कुठल्या वर्षापासून नीट आहेत हे तुला मी तोंडी सांगेन. कागदावर नको.

एक भीती लिहून टाकतो. पहिल्या प्रयोगाला घरचीच माणसं येतील आणि तुला वाटेल जमलं. दुसऱ्याला 40 येतील. त्या रात्री तू मला फोन करशील. कर. पण तो प्रयोग रद्द करू नकोस, पासही वाटू नकोस. त्या 40 जणांची नावं आणि गावं दारावर लिहून घे. त्यांना देवाने नाही, नाटकाने आणलेलं असेल. असे 40 जण आपल्या मंडळाच्या वहीत आजपर्यंत एकदाही नोंदलेले नाहीत.

ट्रंकेची किल्ली तुझ्या आईकडे देऊन ठेवली आहे. त्यात कोरी पावतीपुस्तकं आहेत, पण ती देवाची, त्यांना हात लावू नकोस. खालचा तांबडा कपडा काढ, त्याखाली माझी वही सापडेल. कोण माणूस दोनदा मागितल्यावर देतो आणि कोण पहिल्याच शब्दाला, ते गाववार लिहिलेलं आहे. काहीजण वारले, त्यांच्या मुलांची नावं तू घाल.

पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं माझ्यासाठी काप, पैसे सोबत पाठवतो आहे. काकीचा गुडघा दुखतो, तेव्हा कडेच्या खुर्च्या दे.

तुझा,
खजिनदारकाका