ढकललेलं इटॅलिक

प्रिय दोस्ता,

पोस्टर पाहिलं. ‘जोर आहे, पण काहीतरी खटकतंय, फॉन्टच बदलू का?’ हा तुझा प्रश्न.

फॉन्टला बोल लावू नकोस. मथळ्यातला इंग्रजी ‘ओ’ (O) स्क्रीनभर मोठा करून बघ. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे रेघ सुजली आहे, उरलेल्या दोन बाजूंना रोडावली आहे. ‘एस’ची (S) तर मान मुरगाळल्यासारखी दिसते. या फॉन्टमध्ये बोल्ड इटॅलिक नाहीच. साधा बोल्ड घेऊन तू इटॅलिकचं बटण दाबलंस, आणि सॉफ्टवेअरने सरळ अक्षर नुसतं तिरपं ढकललं. तिरपं अक्षर काढावं लागतं रे, ढकलून मिळत नाही! बारीक वजनात, म्हणजे रेघ पातळ असताना, ही लबाडी खपून जाते. बोल्डमध्ये रेघच जाड, म्हणून बिघाडही ठळक. त्यात छोट्या ‘ए’ (a) आणि ‘ई’च्या (e) पोटातली जागा आधीच चिंचोळी.

आता म्हणशील, सॅन्स-सेरिफचं, म्हणजे टोकांना फुलोरे नसलेल्या अक्षरांचं, इटॅलिक म्हणजे बहुतेकदा कलवलेलं सरळ अक्षरच असतं. असतं, मान्य. पण चांगल्या ऑब्लिकमध्ये (अशा कलवलेल्या अक्षराचं हे नाव) कलवून झाल्यावर वळण न् वळण दुरुस्त केलेलं असतं. अक्षररचनाकार फ्रुटिगरच्या १९५७च्या युनिव्हर्स या फॉन्टमध्ये बोल्डला ६५ आणि त्याच्या तिरप्या जोडीदाराला ६६ असा स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे आखणीतच त्याची जागा ठरलेली. गिल सॅन्स या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये तर छोटा ‘ए’ दुमजलीचा (a) एकमजली (ɑ) होतो. कुठलं बटण करून देईल हे? देवनागरीचं तर बोलायलाच नको: शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलंडतात.

लोक मला हेकट म्हणतात. एका ग्राहकाला नाव ‘जरा तिरकं करून’ हवं होतं, मी ते नव्याने रेखाटायला वेळ मागितला, काम दुसरीकडे गेलं. पुढे ते नाव ढकललेलंच छापून आलं. पैसे गेले त्याचं काही नाही. त्याला तो ‘ओ’ मोठा करून दाखवायचा राहिला, ही खंत आहे. माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

आणि पोस्टरवरचा तो अख्खा परिच्छेद बोल्ड इटॅलिकमध्ये का? हे अक्षर चार शब्दांपुरतं आहे. अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगर फ्युचुरा फॉन्टचा बोल्ड ऑब्लिक वापरते ते लाल पट्टीवरच्या तुटक वाक्यांसाठी. वेग हवा, हाक हवी, तिथे ते शोभतं. नाहीतर बोल्ड मथळ्यातला एखादाच शब्द उठवायला. साध्या मजकुरात नुसता इटॅलिक किंवा नुसता बोल्ड पुरतो. दोन्ही एकदम लावून जोर दुप्पट होत नाही, वाचणारा दमतो.

परिच्छेद साधा कर. मथळा तिरपाच हवा असेल तर बोल्ड इटॅलिक खरोखर रेखाटलेला फॉन्ट शोध, नाहीतर हीच अक्षरं स्वतः दुरुस्त कर. आधी ‘ओ’ आणि ‘एस’ करून पाठव, बाकीची त्यानंतर बघू.